मॅडमचा कापडसाठा

कचरा आणि माल यांत फरक असतो तो फक्त एका गिऱ्हाइकाचा. जोवर कोणी मागत नाही तोवर कचरा. कोणी मागितला की त्याच क्षणी माल. हा नियम मॅडमना त्यांच्या सगळ्या शिक्षणात कुठेच भेटला नव्हता. तो भेटला कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या दुकानात.

शिंप्याच्या टेबलाखाली कात्रणांचं एक पोतं असे. ते भरलं की तो ते पायाने ढकलत दाराबाहेर आणी, कचऱ्याची गाडी आली की तिच्यात टाकून देई आणि हात झटके. मॅडमनी हे अनेकदा पाहिलं होतं. म्हणून त्यांनी एके दिवशी अगदी सहज विचारलं, की ते पोतं गाडीत टाकण्याऐवजी मला दिलंत तर चालेल का. शिंप्याने पोत्याकडे पाहिलं, मग मॅडमकडे, मग पुन्हा पोत्याकडे. इतकी वर्षं ज्याला तो लाथेने ढकलत आला होता त्याच्यावर त्याने आता प्रेमाने हात ठेवला. यात उंची माल आहे, म्हणाला. कोटाचं कापड आहे. आणि मागणीही फार असते हो याला.

मागणी कोणाची, हे विचारणं मॅडमच्या स्वभावात नव्हतं. शेवटी असं ठरलं की मॅडमनी इथून पुढे घरातलं सगळं उसवलेलं, फाटलेलं त्याच्याकडेच आणायचं, आणि पोतं घ्यायचं तर अख्खं घ्यायचं, निवडानिवड करायची नाही. मॅडम पोतं घेऊन घरी आल्या. त्यात कात्रणं होती, दोऱ्यांचे गुंते होते, तुटकी बटणं होती, खडू होते, आणि एक अखंड बाही होती. दोन दिवसांनी शिंपी जिने चढून धापा टाकत आला. एका गिऱ्हाइकाच्या कोटाची डावी बाही सापडत नव्हती आणि गिऱ्हाईक दुकानात एका बाहीनिशी उभं होतं. तोवर त्या बाहीची रवानगी "राखाडी, जाड, लोकरी" या खोक्यात झाली होती. मॅडमनी ती परत दिली, नाही असं नाही. पण देताना त्यांना जे वाटलं ते त्यांनी नंतर यजमानांना बोलून दाखवलं: "राखाडीत भोक पडलं."

यजमान म्हणाले, "अगं, बाही त्या माणसाची होती."

ते मॅडमनाही मान्य होतं. भोक पडलं ते पडलंच.

आता हे सगळं कशासाठी, ते सांगायला हवं. मॅडमची सगळी नोकरी एका कॉलेजच्या रसायनशाळेत गेली. बाटल्या, नळ्या, चिठ्ठ्या आणि कुलपं यांत. निवृत्त झाल्या तरी इमारतीत सगळे त्यांना मॅडमच म्हणत. मुलगी नोकरीसाठी दूर गेली आणि तिची छोटी खोली रिकामी झाली. रिकामी खोली ही घरातल्या दोन माणसांना शांतपणे जगू देत नाही. मॅडमना तिथे गोधड्या शिवायच्या होत्या. त्यांना आयुष्यभर स्वतःची अशी एक खोली नव्हती. कॉलेजात होती ती विद्यार्थ्यांची, घरात होती ती सगळ्यांची. यजमानांना तिथे व्यायामाची सायकल ठेवायची होती. त्यांचा एक मित्र महिनाअखेर घर बदलणार होता आणि त्याला ती सायकल फुकटात खपवायची होती. तो रोज सकाळी फोन करून यजमानांच्या पोटाची चौकशी करी.

दोघंही समजूतदार असल्यामुळे भांडण झालं नाही, करार झाला. महिनाअखेरपर्यंत मॅडमची एक गोधडी, एकच, पण पुरी, तयार झाली तर खोली मॅडमची. नाहीतर सायकलची. आणि कापड विकत आणायचं नाही, ही अट मॅडमनी स्वतःहून घातली. निवृत्तीनंतरचा छंद खिशाला लागता कामा नये, असं त्यांचं मत होतं. यजमानांनी ही अट इतक्या चटकन मान्य केली की मॅडमना तेव्हाच शंका यायला हवी होती.

मॅडम शिवण शिकल्या होत्या त्या फोनवरच्या एका बाईकडून. ती बाई रोज एका व्हिडिओत येई आणि तिच्या मागे भिंतभर फळ्या असत. फळ्यांवर कापडं, पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत, मधल्या सगळ्या रंगांतून जात, एकसारख्या घड्यांची. ती म्हणे, गोधडीची घाई करू नका, आधी साठा करा. साठा असला की गोधडी आपोआप सुचते. मॅडमना ते पटलं. द्रावणं तयार नसताना कोणी प्रयोग सुरू करतं का.

इथे समोरच्या दारातल्या वहिनींचा उल्लेख करणं भाग आहे. वहिनींना एखादी गोष्ट सांगितली की ती इमारतीला वेगळी सांगावी लागत नाही. मॅडमनी फक्त एवढंच विचारलं होतं की तुमच्याकडे एखादा जुना सुती शर्ट आहे का. दुसऱ्या दिवसापासून मॅडमच्या दाराच्या कडीला पिशव्या लटकायला लागल्या. सकाळी दूध घ्यायला दार उघडावं तर दार आतून ओढलं जात नसे, इतकं वजन. पडदे आले, उशांचे अभ्रे आले, सोफ्याची खोळ आली, फ्रॉक आले, पायजमे आले. काही लोकांनी गोधडी या शब्दाचा फारच व्यापक अर्थ घेतला. एकांनी छत्रीचं कापड पाठवलं, काड्यांसकट. एकांनी जोडी हरवलेले मोजे पाठवले आणि सोबत निरोप, की पाहा, तुमच्याकडे कोणाच्या तरी पिशवीत दुसरा आला असेल.

कपडा देणारा माणूस नुसता कपडा देत नाही, हेही मॅडमना या काळात समजलं. तो आधी कपड्याची हकीकत देतो आणि मग सल्ला. हा शर्ट मुलाखतीला घातला होता, नोकरी लागली नाही पण शर्ट टिकला. हा पडदा आम्ही जुन्या घरातून आणला. आणि मॅडम, गोधडी हातानेच शिवा हं, मशीनची उबदार होत नाही. दुसरं कोणी म्हणे, मशीननेच शिवा, हाताचे टाके पायाच्या नखात अडकतात. आत जुनं ब्लँकेट घाला. आत काहीही घालू नका. मॅडम सगळ्यांचं ऐकून घेत, मान हलवत आणि पिशवीवर चिठ्ठी लावत: कोणता मजला, कोणाकडून. नमुना कुठून आला याची नोंद नाही तर तो नमुनाच नाही, ही रसायनशाळेची शिस्त त्यांच्या हाडात मुरलेली होती.

मग वर्गीकरण सुरू झालं. रंगानुसार लावणं हे कोणीही करेल. पण रंगाआधी जात कळायला हवी: हे सुती आहे, की सुती असल्याचा आव आणणारं. हाताला दोन्ही सारखीच लागतात. यावर शास्त्राने एक खात्रीचा उपाय सांगितलेला आहे. कापडाचा एक धागा ओढायचा, चिमट्यात धरायचा आणि ज्योतीत न्यायचा. सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि मऊ राख उरते. लोकरीला केस जळल्याचा वास येतो. आणि नकली असेल तर काळा धूर निघतो, धागा वितळतो आणि टोकाला कडक मणी जमतो. फार सुंदर आणि निर्विवाद चाचणी आहे. मॅडमनी ती खिडकीशी बसून, शेजारी पाण्याची वाटी ठेवून, सर्व काळजी घेऊन सुरू केली. प्रत्येक कपड्याचा एक धागा.

इमारतीतल्या कपड्यांपैकी बहुसंख्य नकली निघाले, ही गोष्ट मॅडमनी कोणालाही सांगितली नाही. लोकांच्या घरातल्या गोष्टी असतात. पण धुराला ही सभ्यता नव्हती. तो खिडकीतून निघाला आणि वरच्या मजल्यांवर गेला. दुपारी दाराची घंटा वाजली. दारात इमारतीच्या कमिटीचे सेक्रेटरी उभे होते, हातात वाळूची बादली. मागे वहिनी.

सेक्रेटरींनी बादली खाली न ठेवता विचारलं की काय जळतंय. मॅडमनी खरं ते सांगितलं: वहिनींचा गाऊन.

वहिनींचा चेहरा पाहून मॅडमनी लगेच खुलासा केला की गाऊन नाही, गाऊनचा एक धागा, आणि त्यांनी मणी दाखवला. सेक्रेटरींनी मणी बोटावर घेऊन पाहिला. कमिटीच्या पुढच्या सभेत "राहत्या घरात रासायनिक प्रयोग" असा विषय घेण्यात आला. त्यावर बराच वेळ चर्चा झाली आणि शेवटी असं ठरलं की प्रयोग करण्यास हरकत नाही, मात्र ते वासविरहित असावेत. वहिनी पुढचे काही दिवस मॅडमशी जरा तुटकच बोलत होत्या. सुती म्हणूनच घेतला होता हो मी तो, एवढं एकदा म्हणाल्या.

खोली मात्र दिवसेंदिवस देखणी होत गेली. मुलीच्या पुस्तकांच्या फळ्या होत्या, त्यांवर मॅडमनी बुटांची खोकी मांडली. प्रत्येक कापड इस्त्री करून, एकाच मापाच्या पुठ्ठ्याभोवती गुंडाळून, उभं. शर्टांच्या बाह्या आत, कॉलर आत, बाहेरून नुसता रंग. डावीकडून पांढरा, मग सायीचा, मग फिका पिवळा, असं करत उजवीकडे काळ्यापर्यंत. दारात उभं राहिलं की फोनवरच्या बाईची भिंत आठवे, आणि मॅडमच्या मते ही भिंत तिच्यापेक्षा काकणभर सरसच होती, कारण तिच्या चिठ्ठ्यांवर जात लिहिलेली नव्हती. मॅडम रोज सकाळी चहा घेऊन तिथे जात. काही करत नसत. बघत.

"कात्री लागली का?" यजमान विचारत.

कात्री लागत नव्हती. एकदा मॅडमनी फिका निळा शर्ट पुठ्ठ्यावरून सोडवला, टेबलावर पसरला, खडूने रेघ मारली, कात्री उघडली. आणि मग त्यांच्या लक्षात आलं की हा कापला तर आकाशी आणि गडद निळा यांच्या मध्ये काहीच उरणार नाही. त्यांनी खडू झटकला आणि शर्ट परत गुंडाळला. दुसऱ्या दिवशी त्यांनी हिरव्यापासून सुरुवात करायचं ठरवलं. पण हिरवे आधीच कमी होते. तांबड्यात तर एकाच छटेची दोन कापडं अशी नव्हतीच. भरलेल्या कपाटातून एकही बाटली हलवता येऊ नये, तसं त्यांचं झालं. साठा पुरा झाला होता, आणि पुऱ्या झालेल्या गोष्टीला हात कसा लावायचा हे फोनवरची बाई सांगायची विसरली होती.

यजमान मोजपट्टी घेऊन खोलीत येत, सायकलच्या लांबीएवढं जमिनीवर मोजत आणि जात.

महिना उतरणीला लागला तेव्हा मॅडमना न कापण्याचं आणखी एक कारण सापडलं, आणि ते, त्यांच्यावर अन्याय नको, खरंखुरं शास्त्रीय होतं. तांबड्या खोक्यातल्या कापडांवरून ओलं फडकं फिरवलं तर फडकं गुलाबी झालं. एक रंग सोडणारं तांबडं कापड अख्ख्या गोधडीचा सत्यानाश करतं. म्हणजे कापण्याआधी सगळा साठा धुवायला हवा, प्रत्येक कापड वेगळं, आणि पाण्याचा रंग पाहायला हवा. यजमान म्हणाले, अख्खा साठा? मॅडम म्हणाल्या, एक सोडून कसं चालेल.

अख्खा साठा धुवायचा तर वाळवायला गच्ची हवी, आणि गच्चीवरच्या दोऱ्या मजलावार वाटलेल्या होत्या. मॅडम सेक्रेटरींकडे गेल्या. सेक्रेटरींनी नियम काढला. गच्चीवर रहिवाशांनी आपापले धुतलेले कपडे वाळत घालावेत, असं त्यात होतं. साठ्याबद्दल काही नव्हतं. त्यांनी विचारलं, हे कपडे आपले आहेत का. मॅडमनी थोडा विचार करून सांगितलं, की आता माझे आहेत, मुळात सगळ्यांचे. सेक्रेटरींना उत्तर आवडलं नाही, पण नाकारताही येईना. शेवटी गुरुवार ठरला. त्या दिवशी दुसऱ्या कोणी दोऱ्या वापरू नयेत, अशी सूचना फळ्यावर लागली. त्यामुळे ज्यांना गच्चीकडे फिरकायचं कधी सुचलं नसतं त्यांनाही गुरुवारी वर काय आहे हे पाहावंसं वाटू लागलं.

बुधवारभर मॅडम धूत होत्या. बादलीत मीठ, एक कापड, पाच मिनिटं, पाण्याकडे बघणं, पुढचं कापड. गुरुवारी सकाळी उन्हं चढायच्या आत सगळं गच्चीवर गेलं. मॅडमनी वाळत घातलं ते अर्थातच क्रमाने, पांढऱ्यापासून. कापडं आता पुठ्ठ्याची नव्हती. शर्ट पुन्हा शर्टासारखे हात पसरून उभे होते, पडदे पडद्यासारखे. आणि प्रत्येकाच्या टोकाला चिमट्याखाली एक चिठ्ठी: सुती, आकाशी, दुसरा मजला, अमुक यांच्याकडून. चिठ्ठीशिवाय नमुना वाळत घालण्याचं मॅडमच्या मनातही आलं नाही. काम संपल्यावर त्यांनी जिन्याच्या तोंडाशी उभं राहून पाहिलं. वारा सुटला की पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत एक लाट जाई. त्या समाधानाने खाली आल्या आणि जेवल्या.

जे घडलं त्यात वाईट हेतू कोणाचाच नव्हता, हे मॅडम आजही सांगतात. आधी वहिनी वर गेल्या, नुसतं बघायला. त्यांना आपला फुलाफुलांचा पडदा दिसला. देताना तो मळका, सुरकुतलेला, नकोसा होता. आता तो धुतलेला, उन्हात झळकणारा, नवा वाटत होता, आणि वर स्वच्छ अक्षरात आपलंच नाव. वहिनींना वाटलं, आपण हा का बरं दिला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि चिमटे काढले. जिन्यात त्यांना पाचव्या मजल्यावरच्या आजी भेटल्या. आजींनी पडदा पाहिला आणि पायऱ्या जरा जोरात चढायला सुरुवात केली.

सेक्रेटरी वर गेले ते देखरेखीसाठी. तिथे त्यांना त्यांचा बारीक रेघांचा शर्ट भेटला. तो त्यांच्या पत्नीने परस्पर कडीला लटकवला होता आणि सेक्रेटरी तो हरवला म्हणून इस्त्रीवाल्याशी भांडून, त्याला इमारतीत यायला बंदी घालून मोकळे झाले होते. त्यांनी चिठ्ठी वाचली. मग तिथेच, गच्चीवरच, अंगातला शर्ट काढून तो घातला.

संध्याकाळी मॅडम कपडे काढायला वर गेल्या तेव्हा दोऱ्यांवर चिमटे होते. चिमटे क्रमाने होते. चिमट्यांत चिठ्ठ्याही बऱ्याचशा होत्या. मोजे कोणी नेले नव्हते. छत्रीचं कापड होतं. शिंप्याची कात्रणं एका उशीच्या अभ्र्यात बांधून टांगली होती, ती होती. अभ्रा मात्र कोणीतरी सोडवून नेला होता आणि कात्रणं खाली कोपऱ्यात नीट लोटून ठेवली होती.

मॅडम खाली आल्या आणि खुर्चीवर बसल्या. रडणं वगैरे त्यांना येत नाही. त्यांनी यजमानांना घडलेलं सांगितलं, आधी पांढऱ्यांचं, मग सायीच्यांचं. यजमान म्हणाले, जाऊन मागून आण. मॅडम म्हणाल्या, मागायचे कसे, त्यांचेच होते. दिलेलं परत नेलं ही चोरी होत नाही आणि नेलेलं परत मागणं हे शोभत नाही. त्यांचा मान या दोन वाक्यांच्या मध्ये कुठेतरी अडकून पडला होता. खोलीचं दार उघडं होतं. आत फळ्यांवर बुटांची खोकी होती आणि खोक्यांत पुठ्ठे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मित्राचा फोन आला. गाडी ठरली आहे, वाटेत सायकल उतरवून देतो, म्हणाला. करार पाहिला तर आता मॅडमना बोलायला जागाच नव्हती, म्हणून त्या स्वयंपाकघरात उगाच एक पातेलं पुसत उभ्या राहिल्या. यजमान म्हणाले, "नको रे. जागा नाही."

त्यांनी फोन ठेवल्यावर मॅडम बाहेर आल्या. "जागा आहे ना," त्या म्हणाल्या.

"कुठे आहे? तिथे तुझं कापड आहे."

"कापड गेलं."

"येईल," यजमान म्हणाले आणि पायात चपला सरकवल्या.

आता हे यजमान म्हणजे इमारतीत कोणाशी हवापाण्यापलीकडे एक शब्द न बोलणारे गृहस्थ. ते त्या दिवशी स्वयंपाकघरातली कात्री खिशात घालून वरच्या मजल्यापासून खालच्या मजल्यापर्यंत प्रत्येक दाराशी गेले. काय बोलले हे मॅडमना त्यांनी कधीच सांगितलं नाही. वहिनींनी सांगितलं. म्हणे, यजमानांनी रागाचा एक शब्द काढला नाही. ते म्हणाले, शर्ट तुमचा आहे, तुम्हीच ठेवा. पण पँटमध्ये खोचलेला भाग कोणी पाहिलाय? पडद्याच्या खालची जी चार बोटं दुमड असते, ती उसवली तर पडद्याचं काय बिघडतं? आणि मग ते नुसते उभे राहिले. हातात कात्री घेतलेला, न रागावलेला माणूस दारात उभा असला की लोकांना लवकर निर्णय घ्यावेसे वाटतात.

शिवाय सगळ्यांच्याच मनाला थोडं लागलेलं होतं. दिलेली वस्तू दोरीवरून उचलून आणल्यावर ती घरात कुठे ठेवायची हे काही केल्या ठरत नाही. वहिनींनी तर पडदा लावलाही नव्हता. तो पलंगाखाली होता.

संध्याकाळपासून तुकडे यायला लागले. शर्टांची खालची टोकं आली. पडद्यांच्या दुमडी आल्या, फ्रॉकांचे घेर आले, पायजम्यांचे खिसे आले. आजींनी उशीच्या अभ्र्याची अख्खी मागची बाजू दिली. उशीची मागची बाजू गादीलाच दिसते, म्हणाल्या. प्रत्येकाने आपापल्या घरी, आपापल्या कात्रीने, आपापल्या हिशेबाने कापलेलं. एक तुकडा सरळ म्हणून नव्हता. एकाला तर दात लावून फाडल्यासारखी कड होती. मॅडमनी सवयीने चिठ्ठ्या हातात घेतल्या आणि त्यांच्या ध्यानात आलं की लावायच्या कशाला. यातून कुठलीच छटा पुरी होणार नव्हती. जपून ठेवावं असं यात काही नव्हतंच. कापायचं जे पाप होतं ते सगळ्या इमारतीने मिळून वाटून घेतलं होतं. करार तर यजमानांनीच मोडला होता, त्यामुळे आता हरण्याचीही भीती नव्हती.

एक गोष्ट मात्र त्यांना फार आवडली. दुमडीच्या आत वर्षानुवर्षं ऊन पोचलेलं नसतं. त्यामुळे मूळ कपड्यापेक्षा हे तुकडे रंगाने कितीतरी ताजे होते. वहिनींच्या पडद्यावरची फुलं बाहेर फिकट गुलाबी दिसत. आतली चक्क लालभडक निघाली. वहिनी म्हणाल्या, अय्या, मी अशी फुलं घेतली होती होय.

मॅडम शिवायला बसल्या. वेडेवाकडे तुकडे वेडेवाकडेच जोडले. तांबड्याशेजारी हिरवा, त्याच्याशेजारी कोटाचं राखाडी कात्रण, हाताला येईल ते. पहिले दोन दिवस त्यांना ते डोळ्यांना खुपत होतं. तिसऱ्या दिवसापासून त्या शिवताना काहीतरी गुणगुणत होत्या असं यजमान सांगतात. मॅडम नाकबूल करतात. सुईत दोरा ओवायचं काम यजमानांकडे होतं, कारण त्यांची नजर जवळचं अजून बरं पाहते. आतमध्ये मॅडमनी जुनं ब्लँकेट घातलं आणि खाली घरातलीच एक विरलेली चादर लावली. गोधडी झाली. महिना उलटून गेला होता, पण विचारणारं कोणी नव्हतं. सायकल मित्राने शिंप्याच्या गळ्यात मारली.

इमारतीवर या प्रकरणाचा परिणाम बरेच दिवस टिकला. पुरुषांचे शर्ट चार बोटं आखूड झाले होते. सेक्रेटरी फळ्यावर सूचना लावायला हात वर करत तेव्हा रेघांचा शर्टही हातांबरोबर वर जाई, आणि सूचनेपेक्षा लोक खालीच बघत.

मग भेटी सुरू झाल्या. प्रत्येकाला आपला तुकडा कुठे बसलाय ते पाहायचं होतं. आजींना आपला अभ्रा उशाशी आहे याचा आनंद झाला. वहिनींची फुलं पायथ्याशी आली होती. त्यांनी ते हसून घेतलं आणि जाताना म्हणाल्या की पाय तर पाय, आम्ही काय, आम्हाला सवय आहे. सेक्रेटरींचं म्हणणं असं की मध्यभागी एकाच घरचा तुकडा असणं हे समतोल वाटत नाही. मध्यभागी पायजम्याचा एक खिसा होता, तो कोणाचा हे मॅडमनाही आठवत नव्हतं. कमिटीत विषय निघाला. गोधडी दर तीन महिन्यांनी फिरवावी, म्हणजे प्रत्येकाला उशाचा मान मिळेल, अशी सूचना आली. त्यावर उपसूचना अशी, की मधल्याचं काय, ते फिरवलं तरी मध्येच राहणार. मॅडमचं मत विचारलं गेलं. त्या म्हणाल्या, मी जरा विचार करून सांगते. आणि घरी येताच गोधडी उचलून छोट्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं.

पुढच्या दुपारी वहिनी आपल्या बहिणीला घेऊन आल्या; बहिणीला फुलं दाखवायची होती. यजमानांनी दार अर्धंच उघडलं. छोट्या खोलीचं दार बंद होतं आणि त्याच्यामागून एकसारखा, संथ, घरघरता आवाज येत होता.

वहिनींनी कान दिला. "मशीन चालू आहे का मॅडमचं? दुसरी काढली वाटतं शिवायला?"

यजमानांनीही कान दिला. आवाज थोडा थांबला, कोणी कूस बदलावी तशी सळसळ झाली, मग तो जरा वरच्या पट्टीत गेला आणि परत लयीत आला.

"हो," ते हळू आवाजात म्हणाले. "मॅडम कामात आहेत." आणि त्यांनी दार, कडीचा आवाज होऊ न देता, लोटून घेतलं.